रिकाम्या घरांची छायाचित्रे

आमच्या सांगवीच्या शाळेचा एक जुना फोटो माझ्याजवळ आहे. शाळेचा फोटो असे आम्ही सवयीने म्हणतो, पण त्यात शाळा जवळजवळ दिसतच नाही. पंचेचाळीस मुले आहेत. पुढची रांग मांडी घालून बसलेली, मधली बाकावर बसलेली, मागची बाकावर उभी. पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातात पाटी, पाटीवर खडूने इयत्ता आणि साल. मधोमध हेडमास्तरांसाठी मांडलेली खुर्ची मोकळी आहे आणि हेडमास्तर डाव्या कडेला एका लाकडी खांबाशी ताठ उभे आहेत. त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती म्हणे. बसले तर उठता येणार नाही म्हणून ते उभेच राहिले. त्या खांबाखाली दगडी जोत्याचा एक कोपरा दिसतो आणि खांबापलीकडे अर्धवट उघडा दरवाजा. एवढीच काय ती शाळा.

ती एका जुन्या वाड्यात भरत असे. मधे चौक, चौकाभोवती ओसरी, वर माळवद, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती. चैत्र-वैशाखात नीरेकाठचे ऊन डोळे उघडू देत नसे, तेव्हाही त्या ओसरीत गारवा असायचा. पुढे नवी शाळा झाली, वाडा ओस पडला आणि एका पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली. मालकांनी तुळया आणि खांब विकले, घडीव चिरे कोणाच्या तरी कुंपणाला गेले, आणि आज त्या जागी पत्र्याच्या शटरचे चार गाळे आहेत. पाडताना गावातल्या कोणालाही त्याचा फोटो काढावासा वाटला नाही. मलाही वाटला नाही, हे कबूल केले पाहिजे. वाडा कोणाचा होता हे गावात सगळे सांगतील. मालकांच्या चार पिढ्यांची नावे मिळतील. बांधला कोणी, हे मात्र एकालाही ठाऊक नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी सुट्टीला गावी आली होती. ती पुण्याला आर्किटेक्टचे शिकते. येताना तिने एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला होता, तो दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. "गुरुजी, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग हे बघा. आपल्या मराठी माणसाचं आहे." ग्रंथाचे नाव 'आकार'. २०१७ साली निघालेला, अच्युत कानविंदे या वास्तुशिल्पज्ञाच्या जीवनावरचा आणि कामावरचा. त्यांचे चिरंजीव संजय आणि तनुजा कानविंदे यांनी सिद्ध केलेला. आराखडे आणि छायाचित्रे, मुख्यतः छायाचित्रेच. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तेव्हा मजकूर तिने वाचायचा आणि चित्रे मी पाहायची, अशी वाटणी झाली. असे आठ-दहा दिवस चालले होते.

मला हे नाव ठाऊक नव्हते. चंडीगढ बांधणाऱ्या ल कॉर्ब्यूझिएचे नाव ऐकले होते. त्याच्या आगेमागेच अहमदाबादेत नव्या धर्तीची इमारत उभी करणारा माणूस आपल्या मालवण तालुक्यातला होता, हे माहीत नव्हते. इतिहास शिकवणाऱ्याला ते माहीत नसावे याची थोडी लाजच वाटली.

कानविंदे यांचा जन्म १९१६ सालचा, समुद्रकाठच्या आचरे गावचा. घर मोठ्या खटल्याचे. दोन वर्षांचे असताना आई गेली. वडील चित्रकार, मुंबईत चित्रकला शिकवीत. माणसांचे चेहरे आणि निसर्गदृश्ये हा त्यांचा विषय. मुलाचा हातही त्याच वळणाचा होता. १९३५ साली तो मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत गेला, पण चित्रकलेच्या वर्गात न जाता वास्तुशास्त्राच्या. तेथे क्लॉड बॅटली नावाचा इंग्रज शिक्षक प्रमुख होता. या बॅटलीची एक सवय मला फार आवडली. विद्यार्थ्यांना तो जुन्या इमारतींकडे नेई, फूटपट्टी हातात देई आणि खांब, कमान, कोनाडा, जाळी, जे असेल ते मोजून काढायला लावी. डोळ्यांना सुंदर दिसले एवढ्यावर भागत नसे. ते किती इंच सुंदर आहे हेही कागदावर यावे लागे. अशा मोजणीच्या आराखड्यांचे एक पुस्तकच त्याने १९३४ साली काढले होते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. शिक्षण संपल्यावर कानविंदे नव्यानेच स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरीला लागले. १९४५ साली सरकारने त्यांना अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात पाठवले. प्रयोगशाळा कशा बांधाव्यात हे शिकून या, असे त्यांना सांगणे होते. देशाला शास्त्रज्ञ हवे होते आणि शास्त्रज्ञांना बसायला जागा नव्हती. हार्वर्डला त्यांना गुरू मिळाले वॉल्टर ग्रोपियस. १९१९ साली जर्मनीत 'बाउहाउस' ही शाळा काढणारे आणि नाझी राजवटीत देश सोडावा लागलेले हे गृहस्थ. इमारत आधी तिच्या कामासाठी असते, नक्षी नंतर, ही त्यांची शिकवण. कोकणातल्या चित्रकाराचा मुलगा १९४७ साली ती घेऊन परत आला, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र होत होता. विक्रम साराभाईंनी अहमदाबादेत कापडधंद्याच्या संशोधनाची 'अटिरा' ही संस्था काढली होती. तिची इमारत १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत कानविंदे यांनी उभी केली. १९५५ साली सरकारी नोकरी सोडून शौकत राय या इंजिनियर स्नेह्याबरोबर त्यांनी दिल्लीत स्वतःची कचेरी थाटली. १९५९ च्या मार्चमध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर एक परिसंवाद भरवला. त्याची जुळवाजुळव कानविंदे यांची आणि उद्घाटन पंडित नेहरूंचे. स्वतंत्र देशाने कशी घरे बांधावीत यावर तेथे फार कडाक्याचा वाद झाला म्हणतात. आपल्याकडे असा वाद ग्रामपंचायतीत कधी झाला नाही याचे मला वाईट वाटते.

त्याच वर्षी कानपूरला तंत्रज्ञान संस्था निघाली, आणि येथे दुसरा मराठी माणूस भेटतो. तिचे पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर. पहिले वर्ग दुसऱ्याच एका संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत भरले. म्हणजे देशातली एवढी मोठी विद्यापीठे आणि आमची सांगवीची शाळा यांची सुरुवात सारखीच, उसन्या जागेत! शहराबाहेर कल्याणपूरला हजार एकरांहून अधिक माळ मिळाला आणि त्यावर कानविंदे यांनी सबंध गावच वसवले. काँक्रीटचे खांब आणि तुळया उघड्या ठेवलेल्या, मधे विटांच्या भिंती, त्याही गिलाव्यावाचून. आमच्याकडे गिलावा न केलेले घर म्हणजे मालकाचे पैसे संपले असे समजतात. तेथे तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. वीट वीट म्हणून दिसावी, काँक्रीट काँक्रीट म्हणून. मोटारी बाहेरच्या अंगाला ठेवल्या आणि मधला सारा भाग पायी चालणाऱ्यांचा केला. वर्गांपासून ग्रंथालयापर्यंत उंचावरून जाणारे मार्ग आहेत. वरून चालावे किंवा त्याच मार्गांच्या सावलीत खालून चालावे. कानपूरच्या उन्हाळ्यात त्या सावलीची किंमत किती, हे आम्हा बारामतीकडच्या माणसांना सांगायला नको. त्या ग्रंथालयाला आज केळकरांचे नाव आहे.

ही माहिती कानांनी ऐकत असताना डोळे मात्र छायाचित्रांवर होते, आणि मनात काहीतरी सलत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते काय आहे ते कळले. या एवढ्या मार्गांवरून कोणी चालत नव्हते.

पाने उलटत गेलो. जिने, पण चढणारा नाही. सज्जे, पण टेकून उभा राहिलेला नाही. माणूस असलाच तर दूरवर एखादा, इमारत केवढी आहे हे कळावे म्हणून असल्यासारखा. मी म्हणालो, "अगं, ही सगळी माणसं गेली कुठं?"

"गुरुजी, माणसं आली की नजर माणसांकडं जाते. मग इमारत दिसत नाही."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. इमारतींची छायाचित्रे अशीच काढण्याचा प्रघात आहे, आणि तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेरने आपल्या खिडकीतून रस्त्याचे चित्र घेतले. भर रहदारीचा रस्ता. पण तबकडी इतका वेळ उघडी ठेवावी लागे की चालती माणसे आणि धावत्या गाड्या तिच्यावर उमटल्याच नाहीत. सबंध रस्त्यात एकच माणूस ओळखू येतो, तोही बूट पुसून घेण्यासाठी स्थिर उभा राहिला होता म्हणून. पुढे १८५५ च्या सुमारास मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर आणि ऐहोळेकडच्या इमारतींची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले, तेव्हाही उपकरण याच जातीचे होते. देवळे उमटली, गावे उमटली नाहीत. साहेबाला ते सोयीचेही असावे. निर्जन देशाचा इतिहास लिहायला कोणाला विचारावे लागत नाही.

पण कानविंदे यांच्या काळापर्यंत हे तंत्र पार बदलले होते. दिल्लीत कॅनॉट प्लेसला महट्टा मंडळींचा स्टुडिओ आहे. मूळचा काश्मिरातला, फाळणीच्या उलथापालथीनंतर दिल्लीत स्थिरावलेला. त्यातले मदन महट्टा विलायतेत छायाचित्रण शिकून १९५४ साली परतले आणि पुढची तीस वर्षे नव्या दिल्लीच्या नव्या इमारती टिपत राहिले. कानविंदे, हबीब रहमान, राज रेवाल, जोसेफ स्टाइन, अशा सगळ्यांच्या कामावर त्यांनी कॅमेरा रोखला. धंद्याचा भाग म्हणून काढलेले ते फोटो कपाटांत पडून होते. २०१२ साली हबीब रहमान यांचे चिरंजीव राम रहमान यांनी त्यांतून निवड करून दिल्लीत प्रदर्शन मांडले, तेव्हा लोकांना उमगले की हे दुकानदाराचे दप्तर नसून एका काळाची बखर आहे. दोन वर्षांनी महट्टा गेले. कानविंदे तर २००२ सालीच गेले होते. महट्टांच्या हाती चपळ कॅमेरा आणि चपळ फिल्म होती. चालत्या माणसाला पकडणे त्यांना अवघड नव्हते. तरीही त्या पंथाच्या छायाचित्रांत इमारतच धनी राहिली. येथे माणूस उमटला नाही असे नाही. त्याला बाजूला ठेवले.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. शाळेची सहल घेऊन मी मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. दीडशे मुले, दोन एसट्या, पुऱ्या-चटणीचे डबे. इमारत कानविंदे यांची आहे हे मला या ग्रंथातून कळले. आठवू लागलो तर इमारत म्हणून काहीच आठवेना. आठवते ते एवढेच की पाचवीतला एक मुलगा हरवला होता आणि तो वेड्यावाकड्या आरशांसमोर स्वतःला आडवा-उभा पाहत बसलेला सापडला. मुलांनी भरलेली ती वास्तू मी पाहिली आणि मला ती दिसली नाही. तेव्हा विद्यार्थिनीचे म्हणणे मला मुकाट्याने मान्य करावे लागले.

मान्य केले, पण समाधान झाले नाही. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीचे चित्र निघाले तेव्हा पुन्हा वाद झाला. १९७० ते १९७३ या काळातले हे काम कानविंदे यांच्या उत्तम कामांत गणतात, आणि चित्र पाहून माझ्यासारख्या अडाण्यालाही ते पटले. उघड्या काँक्रीटची प्रचंड वास्तू, आणि छपरावर बुरुजांसारखे एकामागे एक चढत गेलेले उंच चौकोनी झरोके. आतली गरम हवा वर निघून जावी म्हणून ते आहेत. शोभा आपोआप आली. एखाद्या गडासारखी ती डेअरी दिसते. पण डेअरी म्हणजे काय हे मला माहीत आहे. आमच्याकडे पहाटे कॅन घेऊन रांग लागते, कोणाच्या दुधाला फॅट कमी लागली म्हणून बोलाचाली होतात, म्हातारी माणसे उगाच घटकाभर टेकतात. मेहसाण्याच्या त्या गडाच्या पोटात हजारो खेड्यांतल्या बायकांच्या हातचे दूध जाते. चित्रात एक कॅनही नव्हता.

मी तिला म्हणालो, "हे म्हणजे आचऱ्याची गावपळण झाली."

तिला गावपळण ठाऊक नव्हती, ग्रंथ मांडीवर असूनही. तेव्हा मी सांगितली. दर तीन-चार वर्षांनी आचऱ्याचा रामेश्वर कौल देतो आणि सारे गाव घरे सोडून वेशीबाहेर जाते. माणसे, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे, झाडून सगळी. तीन दिवस, तीन रात्री. गावाबाहेर झावळ्यांच्या, कापडाच्या राहुट्या उभ्या राहतात, चुली मांडतात, रात्री भजने होतात. आणि गावात घरे तशीच, रिकामी, मुकी. तीन दिवसांनी पुन्हा कौल मागायचा. मिळाला की परतायचे. अच्युत कानविंदे या गावात जन्मले. त्यांनी ती लहानपणी पाहिली का, पुढे कधी मनात आणली का, हे मी सांगू शकत नाही. पण ज्या गावात घर म्हणजे काय आणि माणसाविना घर म्हणजे काय हे दर तीन-चार वर्षांनी पोराटोरांना देवच दाखवून देतो, त्या गावच्या माणसाने सारा जन्म घरे बांधण्यात घालवला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. फरक एवढाच की आचऱ्याची माणसे चौथ्या दिवशी परत येतात. छायाचित्रात ती कधीच येत नाहीत.

ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "पण गुरुजी, फोटो नसता तर?" आणि तिने दिल्लीच्या 'हॉल ऑफ नेशन्स'ची हकिगत सांगितली. राज रेवाल यांनी रचलेले आणि महेंद्र राज या इंजिनियरने काँक्रीटच्या जाळीतून उभे केलेले ते भव्य दालन १९७२ च्या व्यापारी जत्रेसाठी बांधले होते. आत एकही खांब नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत ते पाडले. ऐतिहासिक ठरायला साठ वर्षे पुरी व्हावी लागतात आणि याची पंचेचाळीसच झाली होती, असे कारण निघाले. महट्टांनी घेतलेली त्याची छायाचित्रे आहेत, म्हणून ते कसे होते हे आज सांगता येते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात स्वातंत्र्यानंतरच्या दक्षिण आशियातल्या वास्तुकलेचे प्रदर्शन भरले, त्यात कानविंदे होते आणि हे पाडलेले दालनही होते.

यावर मला उत्तर सुचेना. आमच्या वाड्याचे वय साठाच्या कितीतरी पुढे गेले होते. वयाने तो पास होता. पण त्याच्यासाठी दारात कोणी कॅमेरा घेऊन उभा राहिला नव्हता. मी उठून आत गेलो आणि कपाटातला तो शाळेचा फोटो आणून तिच्यापुढे ठेवला. "हे बघ. तुझ्या पुस्तकात माणसं नाहीत आणि माझ्या फोटोत इमारत नाही."

तिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मला वाटले, मुलांत आपल्या वडिलांना शोधते आहे. ते मागच्या रांगेत आहेतच. पण तिचे बोट डाव्या कडेला गेले. खांब, खांबाचा दगडी तळखडा, जोत्याचे दोन थर, दरवाजाची उभी चौकट, उंबरा. मग तिने पिशवीतून पट्टी काढली.

"गुरुजी, हेडमास्तर खांबाला लागूनच उभे आहेत. त्यांची उंची कळली तर खांबाची उंची निघेल. खांब निघाला की दरवाजा. दरवाजा निघाला की ओसरीचा अंदाज येईल. मोजून काढू."

बॅटलीची फूटपट्टी नीरेकाठी येऊन पोचली होती. चित्रातल्या माणसाचा उपयोग इमारत मोजायला, ज्याला मी आठ दिवस नावे ठेवीत होतो, तोच आता वाड्याच्या कामी येणार होता! फक्त हेडमास्तरांना जाऊन बारा वर्षे झालेली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे पारावर गेलो. तेव्हाच्या विद्यार्थ्यांपैकी सहा-सातजण तेथे होते. एकाने सांगितले, पाच फूट चार इंच, कारण ते त्याच्या वडिलांच्या खांद्याला लागत. दुसरा म्हणाला, छे, पाच-सात तरी. छडी घेऊन आले की दार भरून जायचे. तिसऱ्याने शंका काढली की ही उंची टोपीसकट की टोपीवाचून? आणि फोटोच्या दिवशी त्यांच्या पायांत वहाणा होत्या की नव्हत्या? फोटोत पाय दिसत नाहीत. पुढे एक मुलगा बसला आहे. तो मुलगा मी आहे. त्याला विचारले तर त्याला काही आठवत नाही.

विद्यार्थिनीने वहीत दोन्ही आकडे लिहून घेतले आहेत. तिने दोन आराखडे काढायला घेतले आहेत, एक पाच-चारचा आणि एक पाच-सातचा. दिवाळीच्या सुट्टीत ती येईल तेव्हा ते दोन्ही पारावर मांडायचे ठरले आहे. हेडमास्तरांच्या धाकट्या भावाकडून त्यांचा जुना कोट मिळाला तर पाहतो.